सोळा आण्यांचा खांदा

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून, उलटतपासणीच्या ऐन रंगात, खाली उतरून घरी जेवायला गेलेला माणूस मी उभ्या वकिलीत एकच पाहिला. आणि तो माझ्या बाजूचा साक्षीदार होता.

बेळगावच्या कोर्टात संध्याकाळची उन्हं पश्चिमेच्या खिडकीतून आत आली होती. समोरच्या पक्षाचे वकील मुरलेले होते. सगळं गाव त्यांना रावसाहेब म्हणे. ते प्रश्नामागून प्रश्न टाकत होते. पिंजऱ्यात आमचे डॉक्टर उत्तरं देत होते आणि मधूनमधून खिडकीकडं बघत होते. एका प्रश्नाला त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि पायरीखाली काढून ठेवलेल्या वहाणा पायानं चाचपायला लागले.

"उत्तर द्या, डॉक्टर," रावसाहेब म्हणाले.

"उद्या देतो. दिवस बुडायला आलाय. माझं जेवण व्हायचंय."

"हे कोर्ट आहे!"

"व्हय की. ते उद्याबी हितंच असतंय. सूर्य न्हाई थांबत."

आणि गेले. डॉक्टर निपाणीकडचे, तंबाखू पिकवणाऱ्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. सूर्य मावळला की अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. तो नेम राज्य बदललं तरी मोडला नसता, तिथं रावसाहेब कोण! न्यायासनावरच्या कमिशनरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, रिकाम्या पिंजऱ्याकडं एकदा बघितलं आणि काम तहकूब केलं. दुसरं करणार काय, साक्षीदार तोवर खडेबाजारात पोचला होता. मी टेबलाखाली काहीतरी पडल्याचं सोंग करून बराच वेळ वाकून बसलो.

डॉक्टरांची दुसरी खोड म्हणजे आणेवारी. आमच्या भागात पीक उभं असताना सरकारी माणूस रानात येतो, गावातली चार जाणती माणसं बरोबर घेतो आणि यंदाचं पीक रुपयात किती आणे ते ठरवतो. सोळा आणे म्हणजे रान फुललंय, चार आणे म्हणजे सारा माफ करा. डॉक्टरांचे वडील त्या चार जाणत्यांतले. बापाच्या मागं बांधाबांधानं हिंडून पोराला जी सवय लागली, ती पुण्याला जाऊन डॉक्टरकी शिकूनसुद्धा सुटली नाही. जीभ बघून ते म्हणत, "पचन नऊ आणे." पावसानं उघडीप दिली की "आज हवा चौदा आणे." एकदा माझ्यादेखत पानावर बसून त्यांनी आमटीला अकरा आणे दिले. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. आक्का वाढता वाढता म्हणाल्या, "आन् खानाऱ्याची जीभ पाच आणे. गप गिळा."

मी नवीनच सनद घेऊन आलो होतो. माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वकील, तीन आणे." माझा चेहरा पडलेला बघून पाठीवर थाप मारली. "आवो, पेरा कुठं झालाय अजून? आताच काय रडताय!"

माझी त्यांची गाठ पडली ती बाळाप्पामुळं.

बाळाप्पा खानापूरच्या एका लाकडाच्या गिरणीत कामाला होता. करवतीपुढं ओंडके ढकलायचे आणि कापलेल्या फळ्या डोक्यावरून उचलून थप्पीवर चढवायच्या, हे त्याचं काम. एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात त्याची बाही सापडली. पट्ट्यानं त्याला उजव्या हाताला धरून असा हिसडला की खांदाच निखळला. खांदा बसवला, सूज उतरली, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. फळी थप्पीवर चढेना. गिरणीनं त्याला दोन दिवस आराम कर म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला.

कामगारांच्या भरपाईचा कायदा तेव्हा नवाकोरा होता. बेळगावात जज्जसाहेबांकडंच त्याचं कमिशनरपण दिलेलं. बाळाप्पा कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडं आला, कारण मी स्वस्त होतो. त्याला काय पाहिजे ते त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"मला येक बैलगाडी पायजे, वकीलसाब. ठेसनावरनं माल व्हायाचा. गाडी हाकाय हात वर करावा लागत न्हाई."

"आणि भरपाई नाही मिळाली तर?"

"मग कोगनोळीला. मेव्हन्याच्या घरात." हे म्हणताना त्याचा चेहरा असा झाला, की पट्ट्यात सापडतानासुद्धा झाला नसेल.

"छळतो का मेव्हणा?"

"छी छी! लई चांगला हाय. म्हैनाभर ऱ्हायलतो तितं. रोज जेवताना म्हनतोय, 'खावा दाजी, लाजू नका, आपलंच हाय.' रोज. सगळ्या गल्लीला आयकू जाईल आसं म्हनतोय. घास खाली उतरत न्हाई वो, वकीलसाब."

मी कायद्याचं पुस्तक उघडलं. त्यात शेवटी एक यादी होती. हात गेला तर भरपाई किती, पाय गेला तर किती, डोळा, अंगठा, बोट. उजव्या हाताला जास्त, डाव्याला कमी. खांदा यादीत कुठंच नव्हता. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, आणि गंभीर तोंड करून निकाल दिला, "बाळाप्पा, तुझा खांदा कायद्यात बसत नाही. पुरा हात तुटला असता तर काहीतरी करता आलं असतं."

बाळाप्पा ओशाळून म्हणाला, "चुकलं सायेब."

हाच संवाद मी डॉक्टरांच्या दवाखान्यात मोठ्या ऐटीनं परत सांगितला. बाळाप्पाला तपासायला म्हणून मी त्याला तिथं घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, उघडं धरलं आणि बोट ठेवलं.

"आन् ह्या यादीच्या आदी लिवलंय ते कोन वाचनार? तुमचा आज्जा?"

आधीच्या पानावर लिहिलं होतं, की यादीत नसलेली दुखापत असेल तर माणसाची कमावायची ताकद किती घटली ते बघून भरपाई ठरवावी. मी म्हणालो, "हां, हे आहेच म्हणा." 

डॉक्टरांनी डोक्याचा पटका सोडला. मला वाटलं, गरम होत असेल. त्यांनी माझा उजवा दंड बरगड्यांना लावला आणि तो पटका माझ्याभोवती गरागरा गुंडाळून गाठ मारली.

"कोपराखाली हात मोकळा हाय. लिवा, जेवा, तपकीर वडा. फकस्त खांदा न्हाई. उद्या येऊन सांगा, काय काय गेलं ते."

"अहो, मला समजलं..."

"तुमाला कायबी समजलेलं न्हाई. जावा."

मी हसत हसत बाहेर पडलो. टांग्यात चढायला दांडी धरायला गेलो आणि टांगेवाल्याच्या मांडीवर जाऊन बसलो. घरी कोट काढता येईना. बायकोनं एका बाहीतून मला उपसलं. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलो, तो डोक्यावर आला, त्यात मेतकूट होतं. धोतर दोरीवर टाकायचं ते जास्वंदीवर पडलं. सगळ्यात बिकट प्रसंग मागच्या अंगणात. घाईची वेळ होती, जानवं उजव्या कानाला अडकवायचं होतं, आणि डावा हात उलटा पडल्यामुळं ते अडकलं माझ्या नाकाला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. पुढं कित्येक दिवस त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात शिरलो तो ओरडतच, "डॉक्टर, सोळाच्या सोळा आणे गेले!"

"खोटं," ते गाठ सोडत म्हणाले. "तुमचे तीन आणे गेले. तुमी लिवून खाताय. बाळाप्पा उचलून खातोय. त्याचे किती गेले ते दवाखान्यात बसून कसं कळायचं?"

मग ते खानापूरला गेले. त्यांची ती पद्धतच होती. विणकर आला की त्याला मागावर बसवून बघायचं, हमाल आला की त्याच्या वखारीत जाऊन थप्पी किती उंच ते बघायचं. गिरणीच्या मालकानं आत येऊ दिलं नाही, तर डॉक्टर कुंपणाबाहेरच्या आंब्याखाली दिवसभर बसून फळ्या चढवणाऱ्या माणसांचे खांदे बघत राहिले. गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला शेवटी दया आली आणि त्यानं त्यांना चहा आणून दिला. डॉक्टरांनी चहा पिऊन त्याच्या गुडघ्याला आठ आणे दिले आणि तेल चोळायला सांगितलं.

आता कोर्टातली गोष्ट. इथं मी जो पराक्रम केला तो आमच्या वकीलमंडळींत अजून सांगतात. माझ्याकडं सांगायला दुसरं काही नसलं की मीही सांगतो.

बाळाप्पाची तपासणी मी घोकून आलो होतो. पण पिंजऱ्यात उभा राहिला तो लटलट कापायला लागला. त्याला धीर यावा म्हणून मी घोकलेला पहिला प्रश्न बाजूला ठेवला आणि हसून विचारलं, "काय बाळाप्पा, कसं काय? बरं हाय न्हवं?"

आता आमच्या मुलखात ह्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. मोठ्या माणसानं बरं आहे का विचारलं आणि समोरच्यानं "नाही" म्हटलं, असं कुणी ऐकलेलं नाही. ते म्हणणं म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान. बाळाप्पानं डावा हात छातीशी नेला, मान लववली आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणाला, "लई बेस हाय जी! देवाच्या दयेनं आन् तुमच्या आशीर्वादानं कायबी तरास न्हाई."

कमिशनरसाहेबांचा टाक कुरकुरायला लागला.

"साहेब, ते... ते लिहून घेऊ नका," मी म्हणालो.

"प्रश्न तुम्हीच विचारलात ना?"

"हो, पण मी सहज विचारला."

"त्यानं सहज उत्तर दिलं," साहेब म्हणाले आणि लिहीत राहिले.

रावसाहेब हसले नाहीत. मोठा माणूस. जागेवरून अर्धवट उठून एवढंच म्हणाले, "मला ह्या साक्षीदाराला काहीही विचारायचं नाही. माझं काम माझ्या विद्वान मित्रांनीच केलंय."

त्यानंतर गिरणीच्या बाजूचे डॉक्टर आले. पितळेचं कोन मोजायचं यंत्र घेऊन आले होते. ते त्यांनी बाळाप्पाच्या काखेत धरून साहेबांना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं: हा माणूस तरणा असताना चिंचेवरून पडला होता. खांद्याजवळचं हाड मोडून वाकडं जुळलंय, हाताला लागतंसुद्धा. तेव्हा आज जो खांदा आखडलाय त्यात बहुतेक वाटा त्या जुन्या चिंचेचा, गिरणीचा अगदी थोडा. आणि थोड्याचीच भरपाई द्यावी.

हाड वाकडं होतं हे खरंच होतं. बाळाप्पा मागच्या बाकावर बसून ऐकत होता. बाजूला सरकून तो मला हळूच म्हणाला, "चिच्चेवर चढाय नको हुतं व्हय?" त्याला आता कोगनोळी दिसायला लागली होती.

मग आमचे डॉक्टर वहाणा काढून पिंजऱ्यात चढले. देवळात चढावं तसे.

"खांद्याची किती हानी झाली?" मी विचारलं.

"दहा आणे. सहा उरल्यात."

"शेकड्यात सांगा, डॉक्टर," कमिशनरसाहेब म्हणाले.

"सायेब, शेकडा व्याजाला. मानूस रुपायाचा."

साहेबांनी एक सुस्कारा टाकला आणि समासात आपला आपण हिशोब केला. मग रावसाहेब उठले. जुनं हाड मोडलेलं आहे? आहे. वाकडं जुळलंय? जुळलंय. मोठा विजय मिळवल्यासारखं इकडंतिकडं बघून त्यांनी शेवटचा बाण काढला, "हा बाळाप्पा स्वतः शपथेवर सांगतो की त्याला काही त्रास नाही. मग तुम्ही कोण त्याचे दहा आणे नेणारे?"

ह्याच प्रश्नाला डॉक्टरांनी तोंड उघडलं होतं, खिडकीकडं बघितलं होतं, आणि ते जेवायला गेले होते.

मी कोर्टातून थेट त्यांच्या घरी. डॉक्टर जेवून सुपारी कातरत बसले होते.

"उद्या काय उत्तर देणार?"

"बगू की. सकाळी कायतर सुचंल."

"आणि नाही सुचलं तर?"

"तर बाळाप्पा बसंल कोगनोळीत भाकरी गिळत. म्हनून तर पोटभर जेवलो. रिकाम्या पोटी मला कायबी सुचत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी रावसाहेब आले ते गालाला फडकं बांधून. रात्रीत दाढ सुजली होती. गाल लिंबाएवढा नव्हे, चांगला महाळुंगाएवढा झाला होता, आणि एक डोळा अर्धा मिटलेला. कमिशनरसाहेब येऊन बसले, त्यांनी बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "काय रावसाहेब, बरं आहे ना?"

रावसाहेब उठून उभे राहिले, वाकले आणि फडक्याआडून म्हणाले, "उत्तम, साहेब. आपल्या कृपेनं अगदी उत्तम."

"सायेब!" पिंजऱ्यातून डॉक्टर ओरडले. "माझं कालचं उत्तर ऱ्हायलंय. ह्येच लिवून घ्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग साहेबांनी रावसाहेबांच्या गालाकडं बघितलं, बाळाप्पाकडं बघितलं, आणि मान खाली घालून टाक दौतीत बराच वेळ बुडवून ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. शिरस्तेदार खोकत बाहेर गेला. रावसाहेबांनासुद्धा हसू आलं, पण हसलं की दाढ दुखायची, त्यामुळं त्यांचं तोंड फार केविलवाणं झालं.

पण म्हातारा सुजलेल्या दाढेनंही सोडणारा नव्हता. "ते राहू द्या. त्या जुन्या हाडाचं काय?"

"सायेब," डॉक्टर कमिशनरांकडं वळले, "निपाणीला आमचं येक रान हाय. त्येच्या कोपऱ्यात खडक हाय, माझ्या पंज्याच्या आधीपास्नं. पर तंबाखू दरसाल सोळा आणे. नांगर तेवढा तितं वळवून घ्यायचा. येक साल गारा पडल्या, समदं पीक झोपलं. सरकारी मानूस आला आन् म्हनतोय, 'हितं खडक हाय, म्हनून पीक न्हाई.' माझा बाप म्हनला, 'खडक गेल्या साली फिराय गेलता काय?'"

साहेबांचा टाक थांबला होता. ते ऐकत होते.

"ह्यो बाळाप्पा वाकड्या हाडानं वर्सानुवर्सं फळ्या चढवत हुता. गिरणीनं त्येला येक दीस कमी मजुरी दिलीया काय, हाड वाकडं म्हनून? पट्टा लागायच्या आदल्या दिशीबी त्यो सोळा आणे हुता."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात रावसाहेब हळूच म्हणाले, "पण हाड सरळ असतं, तर खांदा एवढा आखडला असता का? खरं सांगा."

डॉक्टरांनी बाळाप्पाच्या खांद्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होतो. नुसतं "व्हय, असता" म्हणायचं होतं. कोण विचारणार होतं?

"न्हाई," ते म्हणाले. "एवढा न्हाई. दोन आणे त्या हाडाचे."

माझ्याच साक्षीदारानं, माझ्यादेखत, दोन आणे काढून समोरच्याच्या हातावर ठेवले. मी पुन्हा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागलो. वर आलो तेव्हा कमिशनरसाहेब डॉक्टरांना स्वतः विचारत होते. आवाज बदललेला होता. "हा हात कधी वर जाईल?"

"न्हाई जानार. खांद्याबरोबरनं थांबनार त्यो."

"शपथेवर सांगताय?"

"शपथेवर सांगतोय."

निकाल लागला तो डॉक्टरांच्या शब्दाबरहुकूम. दहातले दोन आणे चिंचेचे, आठ गिरणीचे. मी पुढं पुष्कळ वर्षं विचार करून ह्या मताला आलो, की त्या दोन आण्यांनीच बाकीचे आठ मिळवून दिले. त्या वेळी मात्र मी डॉक्टरांशी दोन दिवस बोललो नाही.

बाळाप्पानं गाडी घेतली. एक बैल धट्टाकट्टा, दुसरा नुसता सोबतीला. गाडी घेऊन पहिल्यांदा आला तो डॉक्टरांच्या दारात. नारळ आणला होता, डोळे भरून आलेले. डॉक्टरांनी त्याला पाया पडू दिलं नाही.

"उद्यापास्नं सकाळी पानी भराय ये," ते म्हणाले.

डॉक्टरांच्या परसात विहीर होती आणि विहिरीवर उंच बांधलेला गडगडा. डॉक्टरांनी तो आणखी उंच बांधून घेतला. दोर ओढायला बाळाप्पाला उजवा हात वर न्यावा लागे, जिथवर जाईल तिथवर. डॉक्टर बाजूला उभे राहून कानडीत मोजायचे, "ओंदु... एरडु... मूरु..." आणि बाळाप्पा मराठीत बोंबलायचा. कानडीत मोजलं की पेशंटला दया मागता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाळाप्पाला कानडी चांगलं येत होतं, पण ते कधी त्यांनी मनावर घेतलं नाही. आक्कांच्या घरात पाणी ठेवायला भांडं उरेना. शेजारणी रिकाम्या घागरी आणून कठड्यावर ठेवायला लागल्या.

मी ते पहिल्यांदा बघितलं आणि धावतच डॉक्टरांजवळ गेलो.

"अहो डॉक्टर, तुम्ही शपथेवर सांगितलंय, हात वर जाणार नाही म्हणून!"

"मग? मला तवा तसंच दिसत हुतं. खरंच सांगितलं."

"आणि आता हे काय चाललंय?"

"आता त्ये खोटं पाडायचं चाललंय."

"कुणाचं?"

"माझंच की. दुसऱ्या कुटल्या डाक्टरनं पाडन्यापरास आपलं आपन पाडलेलं बरं. आरू... ओढ रं, बाळाप्पा!"

मला झोप लागेना. हात सुधारला हे रावसाहेबांना कळलं, तर भरपाई परत मागतील, गाडी जाईल, आणि बाळाप्पा कोगनोळीच्या पंगतीत. मी बाळाप्पाला बाजूला घेऊन बजावलं, "गावात उजवा हात वर करायचा नाही. कुणी हाक मारली तर डावा हलवायचा. डोकं खाजलं तर सोसायचं." तो बिचारा इतका घाबरला, की भर बाजारात पागोटं वाऱ्यानं उडालं तरी हात न लावता बघत उभा राहिला.

ऋतू उलटले. एके सकाळी बाळाप्पाचा हात दोरासकट डोक्याच्या वर सरळ गेला. डॉक्टर नाचायचेच बाकी होते. "चौदा आणे!" म्हणून ओरडले, तो ओरडा आमच्या गल्लीपर्यंत आला. मग त्यांनी पटका बांधला, बाळाप्पाला गाडी जुंपायला लावली आणि म्हणाले, "चल कोर्टात."

मी कोर्टाच्या व्हरांड्यात पान खात होतो. बाळाप्पाची गाडी फाटकात शिरली, डॉक्टर उतरले आणि थेट कमिशनरसाहेबांच्या खोलीकडं निघाले. मी खांबाआड झालो. उपयोग नव्हता, माझं पोट खांबाबाहेर राहिलं. "या वकील," डॉक्टर म्हणाले, "तुमीबी या."

आत ते साहेबांपुढं उभे राहिले. वहाणा दाराशी काढलेल्या. "सायेब, माझी साक्ष चुकली. हात वर जानार न्हाई म्हनलो हुतो. गेला. बाळाप्पा, दाव."

बाळाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, कानांनी, जे जे हलवता येतं ते सगळं हलवून नको म्हणालो. त्यानं हात अर्ध्यावर नेला आणि थांबवला. खिडकीतून त्याला बाहेर उभी असलेली गाडी दिसत होती.

"बाळाप्पा!" डॉक्टर गरजले.

हात वर गेला. पार वर. बाळाप्पानं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"साहेब," मी पुढं झालो, "ह्या गरिबाची गाडी..."

"गाडीचं काय?" साहेब म्हणाले. "भरपाई एकरकमी दिलेली आहे. एकदा दिलेली एकरकमी भरपाई मला परत उघडता येत नाही. कायद्यात आहे. वकीलसाहेब, तुम्हाला माहीत असेलच."

"हो, हो," मी म्हणालो. "हे आहेच म्हणा."

बाळाप्पानं एक डोळा उघडला आणि माझ्याकडं असं काही बघितलं, की बाजारात उडून गेलेल्या त्या पागोट्याची किंमत मी आपणहून भरून दिली.

आम्ही निघालो, तर साहेब म्हणाले, "डॉक्टर, जरा थांबा." आणि आम्हाला दार लावून घ्यायला सांगितलं. दार पुरतं लागत नव्हतं. साहेब उठले, भिंतीच्या कपाटातलं वरचं पुस्तक काढायला त्यांनी डावा हात उचलला, तो खांद्याशीच अडला आणि त्यांच्या तोंडून "आई गं" असं निघालं. "दोन महिने झाले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोटसुद्धा घालता येत नाही. कुणाला सांगणार?"

पुढच्या आठवड्यात एका कामासाठी मी सकाळीच डॉक्टरांच्या घरी गेलो. डॉक्टर गावात पेशंट बघायला गेले होते. परसातून गडगड्याचा आवाज येत होता. डोकावलो तर विहिरीवर कमिशनरसाहेब, अंगात बंडी, धोतर खोचलेलं, घामानं निथळत दोर ओढतायत. कठड्यावर शेजारणींच्या घागरींची रांग. आणि बाजूला, कमरेवर हात ठेवून, बाळाप्पा.

"मूरु... नाकु... सायेब, कोपर वाकवायचं न्हाई. डाक्टरांनी सांगून ठेवलंय."

साहेबांची नजर माझ्यावर पडली. घागर हातात तशीच.  

"वकीलसाब, तुमी बाजूला ऱ्हावा," बाळाप्पा म्हणाला. "आन् सायेब, ही घागर आर्धीच आली. चालायची न्हाई. वता ती, परत काढा."

बेळगावच्या कमिशनरसाहेबांनी घागर जास्वंदीच्या मुळाशी ओतली आणि दोर पुन्हा विहिरीत सोडला.